‘स्वभाव बघा आणि धंदा की नोकरी ते ठरवा’: हा सल्ला कुठे चुकतो

दहा प्रश्नांची एक चाचणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. अनोळखी माणसाशी सहज बोलता का? जोखीम घ्यायला आवडते का? वरिष्ठाचं ऐकणं जिवावर येतं का? सात ‘हो’ आले की तुम्ही जन्मजात उद्योजक, नाहीतर मुकाट्याने नोकरी धरा. नागपुरात नोकरी सोडावी की नाही या विचारात असलेली कितीतरी माणसं ही चाचणी मनापासून सोडवतात, म्हणून तिला सविस्तर उत्तर द्यायला हवं. स्वभावावरून फार तर कोणता धंदा झेपेल ते कळतं. धंद्यात पडावं की नाही हे मात्र पैसा किती दिवस अडकतो आणि तोवर घर कशावर चालतं, यावर ठरतं.

‘बोलका असेल तोच धंद्यात टिकतो.’ झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी २००६ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि व्यवस्थापक यांची तुलना केली. बोलकेपणात दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उद्योजक कामात जास्त नेटके, नव्याला जास्त तयार आणि कमी भिडस्त निघाले. यातली भीड सगळ्यात महाग पडते. नागपूरच्या इतवारी बाजारात ठोक दुकान चालवायचं तर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला मागची उधारी चुकती झाल्याशिवाय नवा माल नाही, हे तोंडावर सांगता आलं पाहिजे. गोड बोलणाऱ्यालाच हे जड जातं आणि खेळतं भांडवल उधारीच्या वहीत जाऊन बसतं. उलट हिंगणा एमआयडीसीत लेथवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे सुटे भाग मजुरीवर करून देणाऱ्याला, दोन-तीन कायमची गिऱ्हाइकं पुरतात. तिथे ड्रॉइंगमधलं माप मायक्रोमीटरवर बसलं पाहिजे. ते बसलं नाही तर सगळा लॉट परत येतो, मग कितीही बोला. अबोल पण काटेकोर माणसाला हे काम छान जमतं.

‘जोखमीची भीती वाटते त्याने नोकरीच करावी.’ सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो, कारण यात भीतीचा आकडा कुणी मांडतच नाही. तो मांडता येतो. समजा, बाहेरगावच्या मुलांसाठी एक वेळचे ४० डबे, महिन्याला २,००० रुपये डबा. जमा ८०,००० रुपये. किराणा, भाजी, गॅस मिळून डब्यामागे १,१०० धरले तर ४४,०००. मदतनीस बाई १०,०००. डबे पोचवणारा ९,०००. खर्च ६३,०००, हातात १७,०००. आता दोन गोष्टी तपासा. मुलं पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेला देणार असतील तर ४० दिवसांचा खर्च, म्हणजे ८४,००० रुपये, आधी तुमच्या खिशातून जातो. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले तर हा बोजा जवळजवळ उरतच नाही. दुसरं, मे महिन्यात आणि दिवाळीत मुलं गावी जातात. डबे २० वर आले की जमा ४०,०००, सामान २२,०००, पगार मात्र तेच १९,०००, म्हणजे १,००० रुपये तोटा. शिवाय गॅस व्यावसायिक १९ किलोच्या सिलिंडरचाच धरा. घरगुती सिलिंडरवर मांडलेला हिशेब खोटा असतो आणि धंद्यासाठी तो सिलिंडर वापरणं बेकायदा आहे.

हा हिशेब घाबरणारा माणूसच नीट करतो. राफी आणि फेंग यांचा २०१४ चा अमेरिकेतला अभ्यास हेच दाखवतो: नोकरी सांभाळून धंदा सुरू करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांमध्ये धंदा बंद पडण्याची शक्यता थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. आणि जोखीम टाळणारेच हा मार्ग जास्त धरतात.

‘बॉस नको असेल तर धंदा कर.’ जीएसटीत महिन्याचं विवरण भरणाऱ्याला ११ आणि २० या तारखा पाळाव्याच लागतात, विक्री शून्य असली तरी. बुटीबोरीतल्या कारखान्याला माल दिला की तिथला खरेदी अधिकारी बॉसपेक्षा कडक असतो. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत मिळायला हवेत. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, आधी करा. ती फुकट होते. नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार असेल तर नोंदणी होते, पण या तरतुदीचा आधार मिळत नाही.

‘नोकरी म्हणजे सुरक्षितता’ हेही तपासून घ्या. ठेकेदारामार्फत लागलेल्या नोकरीत पीएफ दरमहा जमा होतो का, हे पासबुकात स्वतः बघा. सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा हातात येणारा पगार नसतो. मालकाचा पीएफचा हिस्साही बहुधा त्यातच मोजलेला असतो.

नोकरी सांभाळून सुरुवात करायची तर आधी नेमणूकपत्र वाचा. दुसरा व्यवसाय करायला मनाई असेल तर लेखी परवानगी मागा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांमुळे परवानगीशिवाय खाजगी धंदा करताच येत नाही.