मालकाकडून उत्तर: 'एका ओळीचे पैसे घेतले' या तक्रारीबद्दल

नमस्कार भाऊ,

आम्ही बनवून दिलेल्या, तुमच्या शेतीऔषधांच्या दुकानाच्या ॲपवर एका शेतकऱ्याला दुसऱ्याचं बिल दिसलं, तेही द्राक्षांच्या ऐन गोडी छाटणीच्या गर्दीत. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक स्टार दिलात, तोही शिरसावंद्य. पण 'एका ओळीच्या कामाला आठवडा लावला, वर पैसे घेतले' हे मात्र मनाला लागलं.

ती ओळ आमची नव्हती भाऊ. ॲप तुमच्या ताब्यात दिल्यावर तुमच्या भाच्याने 'आत्ता लॉगिन केलेला ग्राहक कोण' हे ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमच्या सामायिक कप्प्यात ठेवलं. पोरगा हुशार आहे, पण पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तयार झालेला. तिथे सहसा प्रत्येक रिक्वेस्टला, म्हणजे ग्राहकाच्या ॲपकडून येणाऱ्या प्रत्येक मागणीला, पाटी कोरी होते, म्हणून असलं खपून जातं. तुमचं ॲप नोडवर आहे, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर. तिथे एकच प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सगळ्यांच्या रिक्वेस्ट घेते आणि ते व्हेरिएबल सगळ्यांत मिळून एकच. पिंपळगावच्या ग्राहकाची रिक्वेस्ट 'अवेट'वर, म्हणजे डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबलेली असते, तेवढ्यात निफाडचा ग्राहक येतो, व्हेरिएबलमधलं नाव बदलतं, आणि पिंपळगाववाल्याला निफाडचं बिल जातं. दुपारी दुकानात एकट्याने तपासलं तर हे कधीच दिसणार नाही. 'आमच्याकडे नीट चालत होतं' असं तुम्ही फोनवर म्हणालात, ते म्हणूनच.

दुरुस्ती म्हणाल तर असिंकलोकलस्टोरेज (AsyncLocalStorage), ही सोय नोडमध्ये 2020 पासून आहे. त्यात प्रत्येक रिक्वेस्टची माहिती तिच्यापुरतीच राहते, आणि फंक्शनमागून फंक्शनला 'रिक्वेस्ट' हातात देत बसावं लागत नाही. मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आधी जिथून जाते त्या टप्प्यात, ते खरंच थोडक्यात बसतं. पण ते जुनं ग्लोबल व्हेरिएबल बिलात, उधारीच्या खात्यात, लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींत), सगळीकडे वापरलेलं होतं. प्रत्येक जागा शोधून बदलावी लागली. एसएमएस पाठवणारी प्रोसेस तर वेगळीच. तिथे हे स्टोरेज पोचतच नाही, ग्राहक क्रमांक मुद्दाम सोबत पाठवावा लागतो. त्याचे पैसे घेतले. कोटेशन आधी व्हॉट्सॲपवर दिलं होतं, त्यावर तुमचा अंगठाही आला होता.

यापुढे ॲप देताना एकाच वेळी दोन खाती चालवून तपासू, फोनही लवकर उचलू.

जमलं तर ते 'एका ओळीचं' वाक्य तेवढं बदला. कॉलेज रोडवर आमच्या पायऱ्या चढण्याआधी नवीन गिऱ्हाईक मोबाइलवर तेच वाचतं.