आकडा आधी, जेटी नंतर

अलिबागकडच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सलग सुट्ट्या आल्या की तेच भांडण सुरू होतं. वडखळपासून गाड्यांची रांग, नागावच्या वाळूत बाटल्या, आणि मग कुणीतरी लिहितं, ‘असले पर्यटक नकोतच, चांगले, खर्च करणारे येऊ देत.’ गोव्यातले मित्र वेगळं बोलत नाहीत, फक्त त्यांच्या भांडणात टॅक्सी असते. त्यात कुलाब्यातल्या रेडिओ क्लबजवळच्या जेटीची भर पडली. गेटवेवरची गर्दी हलवायला नवी जेटी हवी असं सरकारचं म्हणणं. कुलाब्याचे रहिवासी कोर्टात गेले आणि जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही अटी घालून काम पुढे जाऊ दिलं. आमच्या घरात मतं पत्त्याप्रमाणे पडली. मांडव्याला उतरणारे जेटीच्या बाजूने, दक्षिण मुंबईतले विरोधात.

मी फ्लोरिडात राहतो. पोर्ट कॅनाव्हेरल हे क्रूझचं बंदर घरापासून फार लांब नाही. त्यामुळे भारतातून कुणी आलं की कॅरिबियन क्रूझ ठरलेलीच, आणि या भांडणाची एक वेगळी बाजू मला सुट्टीत अधूनमधून बघायला मिळते.

कोसुमेलचंच बघा. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यासमोरचं हे बेट. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, आणि क्रूझवरून येणारे प्रवासी वर्षाला चाळीस लाखांच्या वर. पण वार्षिक आकड्याने काही कळत नाही. जहाजं येतात ती ठरावीक दिवशी, घोळक्याने, सकाळी आठच्या सुमाराला, आणि संध्याकाळी पाचला सगळी गायब. जानेवारी 2024 मध्ये मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’मध्ये एका खोलीत दोघे धरले तरी साडेपाच हजारांवर प्रवासी मावतात, सगळ्या खाटा भरल्या तर 7,600. अशी दोन धूड आणि सोबत तीन-चार मध्यम जहाजं एकाच सकाळी लागली तर काय होईल, ते सांगायला नको.

या गर्दीतून वाट काढता येते, आणि पाहुण्यांना मी ती आधीच सांगून ठेवतो. कोणत्या बंदरात कोणत्या तारखेला किती जहाजं येणार याची वेळापत्रकं कित्येक महिने आधी उघडपणे मिळतात. तिकीट काढण्यापूर्वी ती बघायची. जहाजावरच्या जलतरण तलावाच्या घसरगुंड्या नंतर. शनिवार-रविवार सोडून निघालात म्हणून बंदरात एकटे असाल असं नाही, तिथे वारापेक्षा जहाजांची संख्या महत्त्वाची. नऊ ते अकरा हा वेळ सगळ्यात वाईट. एक तर पहिल्या फेरीत उतरा, नाहीतर निवांत नाश्ता करून अकरानंतर. आणि सगळे जातात त्याच्या उलट दिशेला जा. कोसुमेलमध्ये गर्दी पश्चिम किनाऱ्याला धरून राहते, कारण धक्के, दुकानं, शांत पाणी सगळं तिकडेच. पूर्वेच्या किनाऱ्यावर खवळलेला समुद्र आणि मैलोन्‌मैल मोकळी वाळू. पोहायला धोकादायक, पण बसायला त्याहून चांगली जागा मी कॅरिबियनमध्ये पाहिलेली नाही. आतल्या बाजूला सान हेर्वासिओचे माया अवशेष आहेत, इश्चेल देवीच्या यात्रेचं ठिकाण. तिथेही बसेस जातात, पण माणसं पांगतात. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसला बंदर ओसंडत असेल तर त्याच बेटावरच्या रेड हुकहून फेरी पकडून शेजारच्या बेटावर, वीस मिनिटांत सेंट जॉनला जावं. त्या बेटाचा निम्म्याहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

मात्र घड्याळ सांभाळा. कोसुमेलची वेळ वर्षभर बदलत नाही, फ्लोरिडाची मार्चमध्ये तासभर पुढे जाते, आणि सुटताना जहाज आपलं घड्याळ बघतं, तुमच्या फोनचं नाही. धक्क्यावरून पळत सुटलेलं जोडपं आणि वर डेकवरून शिट्ट्या मारणारे लोक, हा इथला हमखास तमाशा. (आमच्या मावशीला सगळ्या क्रूझमध्ये तोच भाग सर्वांत आवडला.)

एवढं केलं की आपली सुट्टी बरी जाते. बंदराचं काय, हा प्रश्न उरतोच. ‘खर्च करणारे पर्यटक’ हे आपल्याकडचं उत्तर मला तिथे लंगडं वाटायला लागलं. क्रूझवरचा माणूस गरीब नाही. पण त्याची खोली, तिन्ही वेळचं जेवण, करमणूक यांचे पैसे घरून निघण्याआधीच जहाजाला पोचलेले असतात. किनाऱ्यावर तो सहा-सात तास असतो. सहल त्याने जहाजाच्याच काउंटरवर घेतलेली, त्यातला मोठा वाटा कंपनीचा. ‘शिफारस केलेल्या’ दुकानांनी त्या शिफारशीचे पैसे मोजलेले. बेटाच्या हाती उरतं ते टॅक्सीचं भाडं, एखादी बिअर, एक टोपी. उलट नागावला दोन रात्री राहणारं, वाडीतल्या खोलीचं भाडं देणारं, सुरमईचं ताट मागवणारं डोंबिवलीचं कुटुंब, ज्याला ग्रुपवर आपण ‘असले’ म्हणतो, ते गावात माणशी त्याहून जास्त ठेवून जात असेल तर मला नवल वाटणार नाही. मोजायचंच तर मुक्काम मोजा.

सिंट मार्टेन बेटावरच्या फिलिप्सबर्ग बंदरात, फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांची आणि घड्याळांची बरीच दुकानं सिंधी मंडळींची आहेत. बोलता बोलता एकाने उल्हासनगरचं नाव काढलं आणि मग हिंदी सुरू झाली. त्याच्या गल्ल्याशेजारी जहाजांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. जहाज नाही त्या दिवशी शटर खाली. गर्दीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती, होती ती रिकाम्या मंगळवारांबद्दल. हेही खरं आहे, आणि गर्दीविरुद्ध लिहिणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे विसरून चालणार नाही.

म्हणून मला जास्त रस आहे तो आकडा कोण ठरवतं यात. ‘की वेस्ट’ हे फ्लोरिडाचंच गाव, कॅरिबियनच्या उंबरठ्यावरचं. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या मतदारांनी ठराव केला की दिवसाला क्रूझचे दीड हजारच प्रवासी उतरतील आणि 1,300 पेक्षा मोठ्या क्षमतेची जहाजं येणार नाहीत. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो ठराव निकालात काढला. गावाने ठरवलं, राजधानीने पुसलं. आपल्याकडच्या ग्रामसभांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

केमन बेटांची गोष्ट निराळी. तिथल्या राजधानीला, जॉर्ज टाउनला, क्रूझसाठी धक्काच नाही. जहाजं बाहेर नांगर टाकतात आणि लाँचने माणसं आणतात. वर्षाला दहा लाखांवर प्रवासी असेच येतात, पण ती अजस्र जहाजं सहसा फिरकत नाहीत, कारण त्यांना इतक्या लोकांना लाँचने नेणं परवडत नाही. धक्का बांधा असा धोशा कित्येक वर्षांचा. टॅक्सीवाले आणि दुकानदार बाजूने. बंदरातल्या प्रवाळांची काळजी असणारे विरोधात, कारण समुद्रतळ खोदावा लागला असता. अखेर 30 एप्रिल 2025 ला निवडणुकीबरोबरच सार्वमत झालं आणि लोकांनी धक्का नाकारला. व्यापाऱ्यांचं नुकसान होणार, ते खोटं नाही. तरी तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. धक्का उभा राहिला की त्याचं कर्ज येतं, कर्ज फेडायला जहाजं लागतात, आणि मग जहाजांना ‘नको’ म्हणण्याची ताकद उरत नाही.

दुसरीकडे क्रूझ कंपन्यांनी गर्दीवर आपला उपाय काढलेलाच आहे, स्वतःची बेटं आणि किनारे. बहामात ‘कोकोके’ 2019 पासून नव्या थाटात सुरू आहे, ग्रँड बहामा बेटावर ‘सेलिब्रेशन की’ जुलै 2025 मध्ये उघडलं. झाडू मारलेली वाळू, छत्र्या, खुर्च्या, सगळं जहाजाच्याच कार्डावर. प्रवाशाला सुख आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिथे गाव नाही, आणि गल्लाही कंपनीचाच.

आता मुंबई. सप्टेंबर 2025 मध्ये इथल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजं अशी त्याची क्षमता सांगितली जाते. मुंबईसाठी मला धास्ती वाटत नाही. पाच जहाजांची माणसं चर्चगेट सकाळच्या दोन-चार लोकलमध्ये गिळतं. पण तिथून निघालेली जहाजं कुठे थांबणार? आज गोवा आणि लक्षद्वीप, उद्या मालवण, विजयदुर्ग, मुरूड अशी नावं निघाल्याशिवाय राहणार नाहीत. लक्षद्वीपची सगळी मिळून वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, बेटंही चिंचोळी. एका मोठ्या जहाजाने तिथल्या एखाद्या बेटाची लोकसंख्या घडीभरात वाढते.

आणि असं नाही की आपल्याला आकडा घालता येत नाही. कासच्या पठारावर फुलांच्या मोसमात दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे. त्यात कटकटी आहेत, वशिले आहेत, रांगा आहेत, पण आकडा आहे आणि तो सांभाळणं गावांच्या हातात आहे.

जंजिऱ्याला आता जेटी येऊ घातली आहे. शिडाच्या होडीतून दरवाजाच्या पायरीवर उडी मारताना म्हाताऱ्या माणसांचे होणारे हाल पाहिले आहेत, त्यामुळे जेटीला माझा विरोध नाही. मला विचारायचं आहे ते राजपुरीच्या होडीवाल्यांना आणि मुरूडच्या नगरपरिषदेला: एका वेळी किल्ल्यात किती माणसं, आणि हा आकडा कुणाच्या सहीने बदलणार? याचं लेखी उत्तर जेटी वापरात येण्याआधी मिळालं पाहिजे.