नऊ किलो भरले म्हणून कार सीट फिरवू नका

गेल्या काही दिवसांत एक मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. त्याचा मथितार्थ असा: बाळाला वर्ष झालं किंवा वजन नऊ किलो भरलं की त्याची कार सीट (गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट) पुढे तोंड करून लावा. मागे तोंड करून बसवलं तर पाय अवघडतात, घाटात ओकारी होते, मागून कोणी ठोकलं तर पहिला मार बाळालाच लागतो. आपल्याकडे गाड्या तशाही हळू चालतात. आणि मागे तोंड जास्त सुरक्षित, असं सांगणारा अभ्यास तर केव्हाच मागे घेतला गेला.

यातली एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्यामुळे बाकीचंही खरं वाटायला लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते नऊ किलो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा जुना नियम होता: वय किमान एक वर्ष आणि वजन किमान वीस पौंड, म्हणजे साधारण नऊ किलो. दोन्ही अटी एकदम, आणि तेही किमान. मेसेजमध्ये 'आणि'चं 'किंवा' झालंय, आणि 'याच्या आधी नको'चं 'झालं की लगेच करा'. त्याच संघटनेने २०११ मध्ये हा नियम बदलून दोन वर्षांपर्यंत मागेच तोंड ठेवा असं सांगितलं. २०१८ मध्ये वयाची अटही काढली आणि म्हटलं की सीट बनवणाऱ्याने मागे तोंड करून बसवायला जी वजनाची किंवा उंचीची कमाल मर्यादा दिली आहे, ती गाठेपर्यंत फिरवू नका. युरोपच्या नव्या नियमात पंधरा महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला परवानगीच नाही. कॅलिफोर्नियात २०१७ पासून दोन वर्षांखालच्या मुलांना मागे तोंड करून बसवणं कायद्यानेच बंधनकारक आहे (४० पौंड वजन किंवा ४० इंच उंची असेल तरच सूट), त्यामुळे तिकडे लेकीकडे जाऊन आलेल्या आजी-आजोबांनी हे पाहिलेलं असतं.

आपल्याकडच्या गोंधळाला खोक्यावरचं लेबलही कारणीभूत आहे. काही सीटवर '९ ते १८ किलो' असं छापलेलं असतं. याचा अर्थ नऊ किलोच्या आतलं बाळ त्या पद्धतीने बसवायचंच नाही. नऊ झाले की फिरवायलाच हवं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मागे तोंडाच्या लहान बाळांच्या सीटचा वजनगट तेरा किलोपर्यंत जातो, आणि काही सीट त्याहून पुढे अठरा किलोपर्यंतही चालतात. आपली बरीच मुलं अडीच वर्षांची झाली तरी तेराच्या आत असतात. आम्हाला ज्या दुकानात सीट मिळाली तिथल्या माणसानेही 'वर्षाची झाली की फिरवा' असंच सांगितलं होतं, आणि आम्ही फिरवलीही. चार महिने ती तशीच होती. मग एकदा खेड शिवापूरच्या पुढे एक दुचाकी अचानक आडवी आली आणि नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. मी मागे मुलीच्या शेजारी बसले होते. पट्ट्यांनी तिचे खांदे जागच्या जागी धरले, पण डोकं पुढे फेकलं गेलं, हनुवटी छातीवर आपटली. धडक नव्हती, नुसता ब्रेक होता. घरी पोचल्यावर पार्किंगमध्येच सीट परत फिरवली.

त्या क्षणी जे दिसलं त्याचं कारण शरीराच्या घडणीत आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं; मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. एवढं जड डोकं ज्या मानेवर आहे तिचे मणके अजून अखंड हाड झालेले नसतात. जन्मतः बहुतेक मणके तीन तुकड्यांत असतात, मधे कूर्चा. ते पूर्ण सांधायला साधारण तीन ते सहा वर्षं लागतात. समोरून धडक बसली की गाडी थांबते, अंग पुढे जातच राहतं. पुढे तोंड असेल तर खांदे पट्ट्यात अडकतात आणि डोक्याची सगळी ओढ मानेवर येते. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि भार सगळ्या पाठीवर पसरतो. १९६०च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली ती पाठीवर रेलून उड्डाणाचा भार झेलणाऱ्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांवरून. तिकडे आजही मुलं चार वर्षांच्या आसपास होईपर्यंत मागे तोंड करूनच बसतात.

आता मागे घेतलेला अभ्यास. हे खरं आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून एक शोधनिबंध आला. त्यावरून 'मागे तोंड पाचपट सुरक्षित' हे वाक्य जगभर पसरलं. पुढे लक्षात आलं की आकडेमोडीत चूक झाली होती, आणि तो निबंध मागे घेतला गेला. तेव्हा 'पाचपट' हा आकडा कोणी आजही सांगत असेल तर त्यांनाही थांबवा, मग ते माझ्या बाजूने बोलत असले तरी. पण त्याच नोंदी पुन्हा नीट तपासल्यावर पुढे तोंड जास्त सुरक्षित आहे असं निघालं का? नाही. निघालं ते एवढंच, की नीट बांधलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये गंभीर जखमी इतके थोडे आहेत की त्या आकड्यांवरून ठाम फरक दाखवता येत नाही. कल होता तो मागे तोंडाच्याच बाजूने. २०१८ चा सल्ला आला तो हे सगळं माहीत असताना. तो उभा आहे मानेच्या घडणीवर, बाहुल्यांवर केलेल्या धडक-चाचण्यांत मोजलेल्या मानेवरच्या ताणावर आणि स्वीडनच्या अनेक दशकांच्या अनुभवावर. एक निबंध गळून पडल्याने मणके लवकर सांधत नाहीत.

'पाय अवघडतात.' आपल्या मुलांबद्दल हे कोणी म्हणावं याचं मला खरंच नवल वाटतं. माझी मुलगी सीटमध्ये मांडी घालते, कधी एक पाय वर गाडीच्या सीटच्या पाठीला टेकवते, झोपली की दोन्ही बेडकासारखे पसरते. तास-दीड तास खाली मांडी घालून खेळणाऱ्या मुलाला गुडघे दुमडण्याचा त्रास नसतो. तो त्रास आपण आपल्या गुडघ्यांवरून ठरवतो. उलट पायांच्या दुखापती पुढे तोंड करून बसलेल्या मुलांतच ठळक दिसतात, कारण पाय समोरच्या सीटवर जाऊन आदळतात.

ओकारीचं म्हणाल तर गाडी लागण्याचा त्रास मुळात दोन वर्षांखाली कमी आणि त्यानंतर जास्त दिसतो. खंबाटकीत आमची एकदा ओकली, तेव्हा सीट पुढे तोंड करूनच होती. पोट भरून दूध पाजून लगेच घाट चढू नका, हातात मोबाईल देऊ नका, मधे थांबा.

मागून धडक बसली तर काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. जीव घेणाऱ्या धडका बहुतेक समोरून किंवा बाजूने बसतात. द्रुतगती मार्गावर उभ्या ट्रकवर मागून कार आदळते तेव्हा कारसाठी ती समोरचीच धडक असते. ओहायो स्टेट विद्यापीठात मागे तोंडाच्या सीट मागून ठोकून तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: त्या धडकेतही सीटने बाळाला चांगलं सांभाळलं.

आणि हळू म्हणजे किती? ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडणं. हा वेग गावातल्या रस्त्यावरचा आहे. मुंबई-पुणे मार्गावर मर्यादा १००ची आहे, समृद्धीवर १२०ची.

कायद्यात दिशा लिहिलेली नाही, असंही कोणी ऐकवतं. नाहीच लिहिलेली. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब एवढंच म्हणतं की चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. दिशा तुमच्या सीटच्या पुस्तिकेत लिहिलेली असते, आणि ती काढून वाचायला पाच मिनिटं लागतात.

मग फिरवायची कधी? सीटच्या बाजूला चिकटवलेलं लेबल पाहा. मागे तोंडाची कमाल मर्यादा शोधा. ते वजन किंवा उंची झाली, किंवा डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून साधारण एक इंचावर आला, की मगच. तोपर्यंत सीट मागच्या बाकावर ठेवा. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड करून बाळ कधीही नको, एअरबॅग उघडली तर तीच जिवावर बेतते. पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवा, आणि खांद्यावर चिमटीत पकडता येणार नाही इतका घट्ट. कुंची आणि जाड स्वेटर घालून पट्टे लावू नका, ते आत ढिले राहतात. आधी पट्टे लावा, वरून दुपटं घाला. सीट फिरवाल त्या दिवशी पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा वरच्या खाचेत घ्या आणि मागचा वरचा पट्टा गाडीच्या हुकाला अडकवायला विसरू नका. तो नसला की डोकं आणखी पुढे जातं.

आमची मुलगी आता सव्वादोन वर्षांची आहे, वजन साडेअकरा, माथा वरच्या कडेपासून चार बोटं खाली. आमची सीट मागे तोंडाला अठरा किलोपर्यंत चालते. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणार आहे.