‘शक्यतो टाळा’ एवढंच पुरेसं नाही
तुमच्या लेखात एमआरआयबद्दल ‘गरोदरपणात एमआरआय शक्यतो टाळा’ एवढं एकच वाक्य आहे. त्याने घाबरून कुणी गरजेची तपासणी पुढे ढकलेल, म्हणून लिहितेय. एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटीसारखा किरणोत्सर्ग नसतो. चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या 14 लाखांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्या आयांच्या बाळांना त्यामुळे जास्त धोका झाल्याचं त्यात दिसलं नाही.

जपायचं ते गॅडोलिनियमच्या इंजेक्शनला, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून देतात त्या ‘कॉन्ट्रास्ट’ला. ते वारेतून बाळापर्यंत जातं, बाळाच्या लघवीतून गर्भजलात उतरतं आणि तिथेच फिरत राहतं. त्याच अभ्यासात या इंजेक्शननंतर मृतजन्म आणि जन्मानंतर लगेचचे मृत्यू जास्त आढळले. म्हणून फारच नड असेल तरच ते देतात. ‘कॉन्ट्रास्ट लागणार आहे का?’ हे आधीच विचारा, प्लीज.

माझ्या बहिणीला सातव्या महिन्यात पोटात उजवीकडे असह्य दुखायला लागलं. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसेना, मग साधा एमआरआय केला. कानात बोळे, वरून हेडफोन, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब नको म्हणून डाव्या कुशीवर आणि गरज पडली तर बोलवायला हातात दाबायचा रबरी फुगा. आत नुसती ठकठक, पण अर्ध्या तासात निदान झालं आणि त्याच रात्री ऑपरेशन. अपेंडिक्स आत फुटलं असतं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. लेखात तपासणी टाळण्याचा हा धोका कुठेच आलेला नाही, तो कृपया जोडा.