जगबुडी थांबेल, आधी तवा शोधू

ओपन वर्ल्ड गेममधल्या, म्हणजे हवं तिथे मोकाट भटकू देणाऱ्या व्हिडिओ गेममधल्या खलनायकाइतका सोशिक प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. जग गिळायला निघालेला असतो, पहिल्याच कटसीनमध्ये (मध्येच दिसणाऱ्या सिनेमासारख्या प्रसंगात) अर्धं गाव जाळतो, आकाश काळं करतो आणि मग आपल्या किल्ल्यात जाऊन जो बसतो, तो आपण दार ठोठावेपर्यंत जागचा हलत नाही. मला त्याच्याबद्दल आदरच आहे. माझी तक्रार आहे ती आपल्याच बाजूच्या लोकांबद्दल. "आता एक क्षणही दवडू नकोस!" असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्यांबद्दल.

एकतर यांना स्वतःला घाई नसते. "चल, लवकर चल, वेळ नाही!" म्हणून त्यांच्यातला एक वाट दाखवायला पुढे होतो आणि अशा चालीने निघतो की आपण पळालो तर त्याच्या पुढे जातो आणि चाललो तर मागे पडतो. दोन पावलं पळा, थांबा, दोन पावलं पळा, थांबा. जग बुडायला आलंय आणि मी उचकी लागल्यासारखा रस्ता कापतोय.

तरी मी प्रामाणिकपणे बसतो. आज फक्त मेन मिशन, म्हणजे कथेतली मुख्य कामगिरी. मॅपवर खूण आहे, घोडा तयार आहे, अंतर फार नाही. वाटेत एक प्रश्नचिन्ह लागतं. आता, प्रश्नचिन्ह ओलांडून पुढे जाणारी माणसं असतात म्हणे. मी उतरतो. तिथे गुहा निघते, गुहेत पेटी, पेटीत चिठ्ठी, चिठ्ठीत कुणाच्या तरी भावाचा ठावठिकाणा. भावाकडे जावं तर तो मेलेला, आणि मरताना भल्या माणसाने दुसऱ्या गुहेचा नकाशा हातात घट्ट धरून ठेवलेला. मध्यरात्र होते. मेन मिशनची खूण जिथल्या तिथे असते, फक्त आता ती जास्त लांब दिसते.

'द विचर ३' (२०१५) घ्या. त्यातला आपला नायक गेराल्ट ज्या सिरीला शोधतोय ती त्याला पोटच्या मुलीसारखी, आणि तिच्या मागावर वाइल्ड हंट नावाची भुतावळ. अशा वेळी व्हाइट ऑर्चर्ड गावात एक म्हातारी आपल्याला अडवते. तिचा तवा एकाने नेला, तो काही परत दिला नाही. झालं! राक्षस मारण्यासाठी लहानपणापासून जहाल काढे पाजून घडवलेला माणूस, पाठीला दोन तलवारी, झोपडीचं दार फोडून तव्याचा माग काढायला लागतो. तवा सापडतो. म्हातारी खूश, मी तिच्याहून खूश. सिरीचा पत्ता लागायला अजून किती प्रदेश तुडवावे लागतील कुणास ठाऊक. इथे एका माणसाचं एक काम तडीस गेलं, आणि तवा स्वच्छ होता.

त्यात पुन्हा ग्वेंट. गेमच्या आतला हा पत्त्यांचा खेळ. सिरीबद्दल माहिती असलेला ब्लडी बॅरन समोर बसलाय, त्याच्या स्वतःच्या घराची राखरांगोळी झालीय, वातावरण असं की श्वास जड व्हावा. आणि मी विचारतो, एक डाव टाकायचा का? तोही लगेच तयार! या खेळाचा पुढे वेगळा गेम काढावा लागला. म्हणजे सिरीला ताटकळत ठेवून पत्ते कुटणारा मी एकटा नव्हतो.

'फॉलआउट ४' मध्ये तर कडेलोट. डोळ्यांदेखत जोडीदाराला गोळी घालतात, तान्हं बाळ पळवून नेतात. कुठल्याही आईबापाने रान पेटवावं असा प्रसंग. मी रान पेटवत नाही, रान आवरतो. पडक्या ऑफिसांत शिरून टेबलफॅन गोळा करतो. एकदा मागून बायको आली.

"सापडला का मुलगा?"

"नाही अजून."

"मग हे काय चाललंय?"

"पंखे गोळा करतोय. त्यातून स्क्रू निघतात."

"आणि स्क्रूचं काय?"

"बंदुकीला लागतात. बंदुकीशिवाय मुलाला सोडवणार कसं?"

तिला हे पटलं असं वाटलं, कारण ती काही बोलली नाही. पण स्क्रीनवर मी तेव्हा चिकटपट्टी वेचत होतो, हे तिने पाहिलं. बरं, यातून मान वर काढावी तर गेममधला सोबती प्रेस्टन गार्व्ही हजर: अजून एका वस्तीला तुझी मदत हवी आहे. ही मदतीची कामं संपत नाहीत, म्हणजे खरोखरच संपत नाहीत. गेम ती नवी नवी तयार करत राहतो. माझ्या मुलाबद्दल हा गृहस्थ कधी आपण होऊन चौकशी करत नाही, आणि मीही विषय काढत नाही.

आपल्याकडे लहानपणापासून मनावर ठसवलं जातं: आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं. 'स्कायरिम'मध्ये (२०११) मी हे अक्षरशः उलटं केलं आहे. अल्डुइन नावाचा ड्रॅगन जग खायला परत आलाय, आणि मी गळ्यात मारा देवीचा, लग्नाला तयार असल्याची खूण असलेला ताईत घालून रिफ्टनच्या देवळात बोहल्यावर उभा. नंतर घर बांधलं, दोन मुलं दत्तक घेतली, त्यांना बाहुल्या आणून दिल्या. कोंढाणा कुठे पळून चाललाय?

आणि यात मी बेजबाबदार नाही, उलट हिशेबी आहे. गेमच्या सुरुवातीला आपल्याला निरोप दिला जातो: ड्रॅगन आलाय हे व्हाइटरनच्या सरदाराला ताबडतोब सांग. आता गंमत अशी की हा निरोप पोचवून, पुढे बुरुजापाशी पहिला ड्रॅगन मारेपर्यंत बाकीचे ड्रॅगन मुलखात फिरकतच नाहीत. मी गेलोच नाही, तर सगळीकडे शांतता. म्हणजे धावत जाऊन कर्तव्य बजावणाऱ्याने गावावर ड्रॅगन आणले, आणि रानात फुलपाखरं पकडणाऱ्या मी देश वाचवला. याबद्दल अजून मला कुणी जहागीर दिलेली नाही.

काही गेम मात्र खरं बोलतात, आणि ते मला झेपत नाहीत. 'डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन'मध्ये बॉस सांगतो, ओलीस धरलेत, हेलिकॉप्टर तयार आहे, निघ. मी नेहमीच्या शिरस्त्याने ऑफिसातले सगळे ड्रॉवर उघडले, सहकाऱ्यांचे ईमेल वाचले, कोण कुणावर रुसलंय हे समजून घेतलं. पोचलो तर ओलीस मेलेले! हा काय प्रकार? "लवकर ये"चा अर्थ खरोखर लवकर ये असा असू शकतो, हे कुणी आधी सांगायला नको? १९९७च्या पहिल्या 'फॉलआउट'मध्ये आपल्या भुयारी वस्तीच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप शोधायला १५० दिवस असतात. ते संपले की भुयारातली माणसं तहानेने संपतात. तो गेम मी सतत कॅलेंडरकडे बघत खेळलो. त्यात वाळवंट होतं असं आठवतं.

सगळ्यांत चक्रम न्याय 'मजोराज मास्क'चा (२०००). आकाशातून चंद्र कोसळतोय, हातात तीन दिवस, म्हणजे आपल्या घड्याळात चोपन्न मिनिटं. ही घाई शंभर टक्के खरी. आणि तरी गेम भरलाय तो गावकऱ्यांच्या घरगुती कामांनी. कुणाची पत्रं पोचव, कुणाचा हरवलेला नवरदेव शोध. ताटातूट झालेल्या अंजू आणि काफेई या ठरलेल्या नवरानवरीची भेट घडवायला तिन्ही दिवस ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहावं लागतं, आणि दोघं एकमेकांसमोर येतात तेव्हा वर चंद्र खिडकीएवढा जवळ आलेला. तिथेही लगीनच आधी. मला हा गेम समजून घेतो. घाम फोडतो, पण समजून घेतो.

एवढं होऊनही मी एक मेन मिशन रीतसर पूर्ण केलं आहे, नोंद असावी. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये राजकन्या झेल्डा शंभर वर्षं एकटी किल्ल्यात गॅनन या राक्षसाला थोपवून धरते, आणि आपण ती शंभर वर्षं झोपलेले असतो. उठल्यावर ती आतून हाक देते. मी थेट निघालो नाही. दगड उचलून खाली काय आहे ते पाहत निघालो. काही दगडांखाली कोरोक नावाचं झाडपाल्याचं पोर निघतं आणि एक बी देतं. अशा बिया नऊशे. झोळी पूर्ण मोठी करायला ४४१ पुरतात. नऊशेच्या नऊशे आणल्या तर बक्षीस मिळतं, सोनेरी रंगाचं, गुंडाळीदार, उघडउघड विष्ठेच्या आकाराचं, आणि त्याला वास येतो असं गेमच लिहून देतो. हे कळल्यावर मी शहाण्यासारखा बिया सोडून किल्ल्यात गेलो, गॅननला मारलं, झेल्डा सुटली, नावं सरकली, मी डोळे पुसले.

मग सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडला. हा गेम शेवटानंतर आपल्याला शेवटच्या लढाईच्या आधी आणून उभा करतो. सेव्हला एक चांदणी लागलेली, पण गॅनन आत, झेल्डा आत, सगळं होतं तसं. मॅपच्या कोपऱ्यात आता किती टक्के पूर्ण झालं तो आकडा दिसायला लागला होता, आणि तो फारच लहान होता. किल्ल्यातून पुन्हा तिची हाक आली. तिथून वीस पावलांवर एक दगड जरा संशयास्पद दिसत होता.