श्वासावर कर? मामा, जरा थांबा

चंद्रपूरच्या मामांनी काल नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज असा: ‘सावधान! कार्बन टॅक्स येतोय. उद्या श्वास सोडलात तरी पैसे पडतील. ज्वालामुखी माणसांपेक्षा जास्त कार्बन सोडतात. कॅनडाने कर रद्द केला, आपल्यावर मात्र परदेशी लोक लादतायत.’ खाली अंगठ्यांची रांग.

आधी श्वास, कारण सगळ्यांना तेच पटलेलं दिसतंय. उच्छ्वासातला कार्बन येतो ज्वारी-तांदळातून, आणि पिकाने तो गेल्या एखाद-दोन हंगामांतच हवेतून घेतलेला असतो. उचलला तेवढा परत केला, हिशेब फिटला. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. तो जाळला की हवेत नवी भर पडते. म्हणून कर लागतो तो कोळसा, पेट्रोल, गॅस यांच्यावर. नाकाला मीटर लावणारा देश अजून जन्माला यायचाय.

ज्वालामुखी? जगातले सगळे मिळून माणसांच्या दोन टक्केही भरत नाहीत. पुढे.

कॅनडाचं निम्मं खरं आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिथे सामान्य ग्राहकाचा इंधनावरचा कार्बन कर शून्य झाला. मोठ्या कारखान्यांवरचा मात्र चालू राहिला, ते मेसेजवाल्याने गाळलं. शिवाय त्या करातला बहुतेक पैसा दर तिमाहीला लोकांच्या खात्यात परत येत होता. कर गेला, तो परतावाही गेला.

आणि ‘आपल्यावर लादतायत’? अहो मामा, तुम्ही तो कधीचाच भरलाय! २०१० च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. २०१६ मध्ये तो ४०० झाला. विजेच्या एका युनिटला सहा-सातशे ग्रॅम कोळसा धरा, पंचवीसेक पैसे होतात. तुमच्या गावच्या औष्णिक केंद्रातही हाच कोळसा जळत होता. कुणाचा श्वास अडकला नाही.

‘पैसा पर्यावरणाला जात नाही’ हेही त्या मेसेजच्या शेपटात होतं, आणि नाइलाजाने सांगतो, त्यात तथ्य आहे. अर्थ मंत्रालयाचेच आकडे: २०१०-११ ते २०१७-१८ मध्ये उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी जमले. स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले ३० हजार कोटींहूनही कमी, आणि प्रकल्पांना मिळाले जेमतेम १६ हजार कोटी. २०१७ नंतर तर कोळशावरचा उपकर सरळ राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. यावर ग्रुपमध्ये एक अंगठा उठला नाही.