शिष्यवृत्तीचा पैसा आला कुठून?
दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश खाणमालक आणि राजकारणी सेसिल ऱ्होड्स याच्यावरचा लेख चांगला आहे, पण त्याच्या नावाच्या ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीवर चार परिच्छेद आणि किंबर्लीच्या त्याच्या हिऱ्यांच्या खाणींतल्या कामगारांवर जेमतेम एक ओळ, हे काही पटलं नाही. ते कामगार करार संपेपर्यंत कुंपणाआड कोंडलेले असत. सुटायच्या आधी, हिरा गिळला असेल या संशयाने त्यांना काही दिवस उघडं डांबून ठेवत, बोटं वापरता येऊ नयेत म्हणून हातांत चामड्याचे मोजे अडकवून! ऑक्सफर्डला जाणारा पैसा यातलाच की. आणि १८८८ चा रड करार, म्हणजे ऱ्होड्सच्या माणसांनी आजच्या झिम्बाब्वेतल्या एन्डेबेले लोकांचा राजा लोबेंगुला याच्याकडून मिळवलेला खाणकामाचा हक्क? राजाला तोंडी सांगितलं, दहापेक्षा जास्त गोरे खणायला येणार नाहीत. १८९० मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीची शेकडोंची सशस्त्र तुकडीच घुसली. राजाने व्हिक्टोरिया राणीला पत्र धाडून करार नाकारला होता, तेही लेखात हवं होतं. 'काळच तसा होता' म्हणणाऱ्यांनी त्याचा साथीदार जेमसन याच्या ट्रान्सवालवरच्या फसलेल्या स्वारीनंतर १८९६ मध्ये ऱ्होड्सला दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश केप वसाहतीचं पंतप्रधानपद का सोडावं लागलं, तेवढं वाचावं.